अमीरबीची भिंत

जव्हारच्या बाजारातून मोखाड्याकडं जाणारा रस्ता जिथं उताराला लागतो, तिथं अमीरबी मणियारणीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. फळ्यांचं दार, आत सतरंजी, आणि आत शिरलं की उजव्या हाताची ती भिंत. काचेचं कपाट नाही, फळी नाही, सगळा माल भिंतीवर टांगलेला. वाशांपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला दोरीत ओवलेल्या बांगड्यांची माळ. सकाळचं ऊन दारातून तिरपं आत आलं की भिंत पेटायची. हिरवी, लाल, मोरपंखी, आमसुली. डोंगरातून पहिल्यांदा आलेली पोरगी आत यायचं विसरून उंबऱ्यावरच उभी राहायची.

मी साखरशेतचा. आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या हातात पहिली काचेची बांगडी अमीरबीच्याच बोटांनी चढवली. तिचा नवरा कुतुबुद्दीन लवकर गेला. तेव्हा मुलगी हलीमा फ्रॉकात होती आणि मुलगा लतीफ रांगत होता. अमीरबीनं डोक्यावर टोपली घेतली आणि पाडे पालथे घातले. पोशेऱ्याची चढण तिनं इतक्यांदा चढली की तिथल्या बायका तिला परकी समजेनाशा झाल्या. आमच्या बायका तिला अमीरबय म्हणत. बय म्हणजे आईच्या जागेची बाई. पुढं पाय दुखायला लागले तेव्हा तिनं टोपली उतरवली आणि भिंतीला खिळे ठोकले. मग पाडेच तिच्याकडं यायला लागले.

तिची मांडणी तिची तिलाच ठाऊक. रंगावर नाही, मापावर नाही. तिनं भिंतीवर रस्ते मांडले होते. दाराजवळचा भाग आमच्या साखरशेतच्या बाजूचा. पोशेरा डोंगरावर, म्हणून पोशेऱ्याच्या बायकांना लागणाऱ्या बांगड्या वर, वाशांना लागून. बाजारपेठेतल्या बायकांच्या खाली. कुणी विचारलं तर म्हणायची, "बाईचं तोंड विसरेन मी, मनगट विसरत नाही. जात्यावरचा हात वेगळा, भाताच्या आवणीचा हात वेगळा, बसून खाणारीचा हात वेगळा."

आणि तिची भरायची पद्धत बघण्यासारखी होती. मी कितीदा उंबऱ्यावर बसून बघितली आहे. बाई समोर बसली की अमीरबी तिचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, एकदा भिंतीवर नजर टाकायची आणि हात सोडून द्यायची. मग गप्पा. सासू कशी आहे, गाय व्याली का, नागली किती झाली. चहा यायचा. तेवढ्या वेळात ती भिंतीकडं ढुंकून बघायची नाही. बाई चुळबुळ करायला लागायची, हिला आपल्या बांगड्यांची आठवण आहे की नाही म्हणून. आणि मग कधीतरी बोलता बोलता अमीरबीची नजर उठायची ती सरळ एका खिळ्यावर. इकडं नाही, तिकडं नाही. नजर आधी पोचायची, हात मागून. काढलेली बांगडी त्या हाताची असायची.

सून झरीना लग्न होऊन आली तेव्हा तिला हे जमेना. ती भिंतीसमोर उभी राहून वरपासून खालपर्यंत शोधत बसायची. अमीरबी म्हणायची, "अगं ढूंडतेस काय? चोर लपलाय का तिथं? एकदा बघितलंस ना? मग डोळ्यांना माहीत आहे. तू मधे येऊ नकोस." झरीना रडायची. पण रडत रडत शिकली. बोलणी खाऊन खाऊन एकेक खिळा तिलाही पाठ झाला.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत, बाजाराच्या दिवशी, एका बाईच्या हातात चुडा भरत असताना अमीरबीचा उजवा हात गळून पडला. तोंड वाकडं झालं. ती काहीतरी बोलली, पण ते शब्द नव्हते. लतीफनं तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी लतीफला नीट समजावून सांगितलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला आहे, अशा आजारात नजरही डावीकडंच ओढली जाते. आणि तसंच होतं. दवाखान्यात ती दिवसभर डाव्या हाताच्या खिडकीकडं बघत पडायची. लतीफ उजवीकडं उभा राहून हाका मारायचा, "अम्मा, अम्मा," तरी नजर खिडकीवरच.

सुरुवातीला तो फार धावला. तिची पापणी हलली की नर्सबाईला बोलवायचा, बोट हललं की डॉक्टरांना. प्रत्येक वेळी ते येऊन बघायचे आणि हळूच मान हलवायचे. असं किती वेळा सोसायचं माणसानं? शेवटी त्यानं धावणं सोडलं. आईला घरी आणलं आणि मनात धरून बसला, की अम्मा गेली, देह तेवढा राहिला.

त्याचं सायकल दुरुस्तीचं काम होतं. पुढची खोली त्यासाठी घ्यावी असं त्यानं ठरवलं. खरं कारण दुसरंच होतं, त्याला ती भिंत बघवत नव्हती. त्यानं माळा उतरवून ट्रंकेत भरल्या, खिळे उपटले, भोकं बुजवली आणि वरून चुना मारला. भिंत पांढरी सफेद. अमीरबी तेव्हा आतल्या खोलीत होती. उन्हाळा लागला, आत जीव गुदमरायला लागला, म्हणून झरीनानं तिची खाट पुढच्या खोलीत आणली. पाय रस्त्याकडं, डोकं आत, म्हणजे वारा तोंडावर येईल. अशी खाट घातल्यावर ती भिंत तिच्या डाव्या हाताला आली.

आता अमीरबी त्या कोऱ्या भिंतीकडं बघत पडायला लागली.

शेजारच्या बाया यायच्या, पदर तोंडाला लावायच्या. "फरिश्ते दिसत असतील," एक म्हणाली. तेव्हापासून त्या भिंतीला टेकून बसायला कुणी तयार होईना. झरीना चहा द्यायची तो सगळ्या जणी दारापाशी उभ्यानंच प्यायच्या.

भिवंडीहून हलीमाचा निरोप आला. अम्माला माझ्याकडं घेऊन या, इथं माणसं आहेत, मोठा दवाखाना आहे. लतीफनं ओळखीच्या जीपवाल्याला सांगून दिवसही ठरवला. झरीना म्हणाली, "त्यांना इथून हलवू नका."

"का?"

"सगळा जन्म इथं गेला त्यांचा."

"झरीना, तिला इथं काय आणि तिथं काय? आपण कुठं पडलोय ते तरी कळतंय का तिला?"

हे बोलणं खाटेच्या उशाशी उभं राहून झालं. झरीनाचंही खरं होतं आणि लतीफचंही. अमीरबीला काही कळत नसेल, तर तिनं लेकीकडं चार बायकांच्या हाताखाली राहावं हेच बरं. पण ती आत जागी असेल, आपली खोली, आपली भिंत ओळखत असेल, तर न विचारता उचलून अनोळखी छपराखाली, यंत्रमागांच्या खडखडाटात नेऊन टाकणं म्हणजे काय, याचा विचारच झरीनाला करवेना. ती आत आहे की नाही, एवढं एकच कळायला हवं होतं. आणि ते सांगणार कोण?

जीप यायच्या आदल्या दिवशी आम्ही जव्हारला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण नवशी. तिच्या मुलीचं, गौराचं लग्न होतं, चुडा हवा होता. मी बैलगाडी काढली होती. अमीरबय आजारी आहे एवढं नवशीला ठाऊक होतं, पण दुकान मोडलं हे नव्हतं. ती उंबऱ्यात आली, पांढऱ्या भिंतीकडं बघितलं, खाटेकडं बघितलं. दुसरी कुणी असती तर तिनं तोंडाला पदर लावला असता. नवशी सरळ खाटेजवळ फतकल मारून बसली, अमीरबीचा लुळा हात हातात घेतला आणि बोलायला लागली.

"काय गं बय, आडवी पडून धंदा करतेस होय आथा? माझ्या गौराचं लगीन हाय. चांगला पोरगा मिळालाय, मोखाड्याकडचा, फक्त नाक तेवढं मोठं हाय. मना हिरवा चुडा दे. तुझा तो चांगला, वरचा. ठिपक्यांचा नको, ठिपक्यांचा विहिणीला दे."

झरीना चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. अमीरबीचे डोळे भिंतीवर मधोमध होते, ते उठले. वर गेले, वाशांना लागून, दारापासून थोडे आत. आणि तिथं थांबले. साखरशेतच्या हिरव्या चुड्याची माळ तिथंच असायची.

झरीनानं कपबशी खाली ठेवली. "अम्मा, लाल?"

नजर खाली आली.

"आमसुली?"

दाराच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीला. बरोबर तिथं.

"अहो!" झरीना ओरडली. "अहो, इकडं या!"

लतीफ मागच्या अंगणातून हाताला वंगण माखलेलं तसाच धावत आला. झरीनानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. क्षणभर त्याचे डोळे चमकले आणि लगेच विझले.

"डॉक्टर काय बोलले ते विसरलीस? नजर डावीकडंच ओढली जाते. भिंत डावीकडं आहे म्हणून तुला तसं वाटतंय."

"आणि वर, खाली? ते कसं?"

"डोळे आहेत, फिरतात. हिरव्याचं नाव निघालं तेव्हा वर गेले असतील. तुला जे बघायचं तेच तू बघतेस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीही बघायचो. दवाखान्यात रोज बघायचो. पुन्हा आशा नको लावू."

तो परत अंगणात गेला. झरीनानं ओढणी सारखी केली आणि नवशीला म्हणाली, "मावशी, तुम्ही डॉक्टरांकडं याल का माझ्याबरोबर?"

"चल की. चुडा घेतल्याबिगर मी तशी जातच नाय."

मीही त्यांच्याबरोबर गेलो. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नाशिककडचे. ऐकून घेणारा माणूस. झरीनानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं नाही आणि उगाच धीरही दिला नाही. म्हणाले, "दोन्ही असू शकतं. लतीफभाई म्हणतात ते चूक नाही."

मग ते थोडे विचारात पडले. "समोर असलेल्या वस्तूकडं बघणं वेगळं आणि नसलेल्या वस्तूच्या जागेकडं बघणं वेगळं. दुसऱ्या कामाला मेंदूनं ती जागा धरून ठेवावी लागते. याचे माकडांवर प्रयोग झाले आहेत. माकडाला अंधारात बसवतात, समोर कुठंतरी एक दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. त्यानं लगेच तिकडं बघायचं नाही, थांबायचं. मग खूण झाली की ते अंधारात बरोबर त्याच जागी बघतं. दिवा नाही, काही नाही, तरी नजर तिथंच. मधल्या वेळात मेंदूतल्या काही पेशी जाग्या राहिलेल्या असतात. एकेका पेशीची एकेक दिशा. दिवा जिकडं होता तिकडची पेशी जणू बोट दाखवून उभी असते, आणि वेळ आली की डोळ्यांना तिकडं ढकलते."

नवशी मन लावून ऐकत होती. "आणि बरोबर बघितलं तर माकडाला काय देतात?"

"फळाच्या रसाचा घोट."

"फुकट घालवतात रस. आमच्या नागलीत येणाऱ्या माकडांना कुणी शिकवलं नाय. भाकरीचं फडकं मी कुठल्या झाडामागं ठेवलं ते मना आठवत नाय, त्यांना आठवतं. मी पाठ फिरवायची खोटी, त्यांची नजर तिकडंच."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "तेच ते, मावशी. अगदी तेच." मग झरीनाकडं वळून म्हणाले, "एक करून बघा. खाट फिरवा. डोकं आहे तिकडं पाय करा, म्हणजे भिंत उजव्या हाताला येईल. नुसता आजार असेल तर नजर डावीकडंच जाईल, मग तिथं काहीही असो. आठवण असेल तर ती भिंत शोधेल. पण उजवीकडं नजर नेणं त्यांना फार जड आहे हे लक्षात ठेवा. नाही वळली, तर त्या आत नाहीत असं लगेच समजू नका."

परत येताना झरीना मला म्हणाली, "भाऊ, हे शेवटचं वाक्य आमचे हे ऐकणार नाहीत." आणि ते खरं होतं.

त्या रात्री आम्ही ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी तिथं गेलो. जीप दुपारी यायची होती. अमीरबीच्या कपड्यांचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं. लतीफ म्हणाला, "फिरवा. एवढं तुझ्या मनासारखं होऊ दे. पण त्यानंतर मला कुणी काही बोलायचं नाही."

खाट उचलायला मी आणि लतीफ एका बाजूला, नवशी आणि झरीना दुसऱ्या बाजूला. धूळ उडेल म्हणून झरीनानं अमीरबीच्या तोंडावर ओढणी टाकली. खाट तशी जड नव्हती, पण खोली लहान. दाराला पाय लागला, भिंतीला घासली, पुढं मागं करत एकदाची फिरली. आता डोकं रस्त्याकडं, पाय आत, भिंत उजवीकडं. डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार आलं. झरीनानं ओढणी काढली आणि तिला दम निघेना, तिनं लगेच विचारलं, "अम्मा, गौराला हिरव्या हव्यात."

अमीरबीचे डोळे उघडले. हलले. डावीकडं गेले, स्वयंपाकघराच्या दारावर, वरच्या चौकटीला.

लतीफनं तोंड फिरवलं, खाली वाकून बोचक्याची गाठ घट्ट करायला लागला. गाठ आधीच घट्ट होती. झरीना भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली.

नवशी कमरेवर हात ठेवून खाटेकडं बघत होती. "थांब रे," ती म्हणाली. "तिच्या तोंडावर फडकं टाकून फिरवलंत तुम्ही. घाण्याच्या बैलाला डोळे बांधून फिरवतात तसं. तिला कळलं कठं, की फिरवलीय म्हणून? तिच्या लेखी भिंत हाय तिथंच हाय. पोरी, आपण झोपेतून उठलो आणि कुणी हातरूण फिरवलं असलं तर आपण भिंतीवर डोकं आपटत नाय?"

लतीफ म्हणाला, "मावशी, आता पुरे."

"तुला काय घाई? जीप आली का? नाय ना? मग बस."

तिनं अमीरबीच्या मानेखाली हात घातला, झरीनाकडून उशी घेऊन पाठीशी लावली, आणि तिला थोडं बसतं केलं. मग लहान पोराला जत्रा दाखवावी तशी दाखवायला लागली. "ही बघ तुझी चूल. आथा ती या अंगाला आली. हे तुझे पाय, आतल्या खोलीकडं. हा रस्ता, बघ, वर, मागं. गाडी गेली ना, ऐकलंस? आणि ही तुझी भिंत." अमीरबीची मान तिनं हातानं उजवीकडं वळवली आणि परत सरळ केली.

अमीरबीचे डोळे फिरत होते. सावकाश. चुलीचं दार, वासे, पाय. पुन्हा चुलीचं दार. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली तेव्हा ते वर, आवाजाकडं गेले. झरीनानं चमच्यानं पाणी पाजलं. नवशीनं काही विचारलं नाही. ती जावयाच्या नाकाबद्दल सांगत बसली, की पोरगं उन्हात उभं राहिलं तर त्याची सावली आधी नाकाची पडते, आणि गौरा म्हणते की पावसात बरं, नाकाखाली उभी राहीन. झरीनाला हसू आलं. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

मग लतीफच पुढं आला. बोचकं सोडून तो खाटेशी गुडघे टेकून बसला. कितीतरी दिवसांत त्यानं आईला हाक मारली नव्हती.

"अम्मा. गौराला हिरव्या हव्यात."

अमीरबीनं त्याच्याकडं बघितलं. मग नजर सुटली. आधी डावीकडं जराशी सरकली, थांबली, परत आली. मधोमध येऊन अडली. चिखलात रुतलेलं चाक जसं पुढं मागं करतं तसं तिथं झालं. तिच्या कपाळावर घाम आला. आणि मग नजर उजवीकडं निघाली, थांबत थांबत, लतीफच्या खांद्यावरून पलीकडं, भिंतीवर, वर वाशांपर्यंत. दारापासून थोडं आत. तिथं ती टेकली आणि हलेना.

झरीना उठली. टाचा उंचावून तिनं कोऱ्या चुन्यावर तळहात ठेवला. "इथं होत्या," ती म्हणाली. "इथंच होत्या."

लतीफ म्हणाला, "तू बोलू नको. तू बघू पण नको, बाहेर बघ." झरीनानं रस्त्याकडं तोंड केलं. त्यानं विचारलं, "अम्मा, आमसुली?" नजर खाली आली, दाराच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीला. त्याला स्वतःला ती जागा ठाऊक नव्हती. त्यानं झरीनाला विचारलं. झरीनानं तोंड न वळवता हात मागं करून दाखवली. तीच.

मग लतीफनं जे विचारलं ते झरीनालाही माहीत नव्हतं.

"अम्मा, मी मदरशातून यायचो. माझी टोपी?"

अमीरबीचे डोळे भिंतीवरून आत आत सरकत गेले, तिच्या पायांकडच्या कोपऱ्यात, अगदी खाली. लहान पोराचा हात जेमतेम पोचेल एवढ्या उंचीवर.

लतीफनं कपाळ खाटेच्या काठाला टेकवलं. मी दुसरीकडं बघितलं. मोठा माणूस रडताना बघू नये. पण कानावर येत होतं. "अम्मा, मी चुना मारला गं. मी खिळे काढले. मला वाटलं तू... मला वाटलं."

अमीरबी भिंतीकडं बघत होती. आता ती एका जागेकडं बघत नव्हती. सगळी भिंत बघत होती, वरपासून खालपर्यंत, कोरी. आणि मग तिनं लतीफकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आणि नजर काढून घेतली, डावीकडं, चुलीच्या दाराकडं, आणि डोळे मिटले.

"अम्मा?" लतीफ म्हणाला.

डोळे उघडले नाहीत. पण ओठ आवळलेले. झरीनाला ते तोंड ओळखीचं होतं. लग्न झाल्यापासून ते तोंड तिनं रोज बघितलं होतं.

"रागावल्या," झरीना म्हणाली. "अहो, त्या रागावल्यात तुमच्यावर!"

"रागावली?" लतीफनं मान वर केली. गालावर वंगणाचा पट्टा, त्यावर पाणी. "खरंच रागावलीय?" आणि तो हसायला लागला. असा हसला की रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघायला लागला. "अम्मा रागावली! माझ्यावर रागावली!"

"रागावणारच," नवशी म्हणाली. "मी असते तर चप्पल मारली असती."

जीप आली. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, उतरून उंबऱ्याशी आला. "पेशंट तयार आहे का?"

"पेशंट कोण?" लतीफ म्हणाला. "ती कुठं जात नाही. तू बस, चहा घे."

"सकाळपासून गाडी धुतली मी."

"मग धुतलेल्या गाडीतून हलीमाला घेऊन ये. तिला सांग, अम्मा आहे. एवढंच सांग, तिला कळेल."

जीपवाल्याला काही कळलं नाही, पण चहा त्यानं घेतला. भिंतीला टेकून बसला आणि कुणी त्याला उठवलं नाही. झरीनानं बोचकं सोडलं, कपडे आत नेले, ट्रंक ओढत बाहेर आणली आणि गौराचा चुडा काढायला बसली. पहिली माळ हाताशी आली ती तिनं खाटेकडं उंच धरली. अमीरबीनं एक डोळा किलकिला केला, बघितलं, मिटला. नाही. दुसरी. तीही नाही. तिसऱ्या माळेला दोन्ही डोळे उघडे राहिले.

"हीच मना पाहिजे होती," नवशी म्हणाली. "पहिल्यापासून सांगतेय."

त्यानंतर अमीरबी चार पावसाळे जगली. पुढं चार-दोन शब्द परत आले, त्यांतला पहिला झरीनाला उद्देशून होता आणि तो चांगला नव्हता, असं झरीनाच मोठ्या कौतुकानं सांगायची. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी चुडा बांधून झाला, नवशी उठली, लतीफ जोरजोरानं जीपवाल्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होता. झरीनानं हात वर केला.

"हळू," ती म्हणाली. "झोपल्यात त्या."

लतीफ वाक्य अर्धं टाकून थांबला. मग आम्ही सगळे चपला हातात घेऊन, आवाज न करता, एकेक करून बाहेर पडलो.